पलीकडची वाळू

(पहाट. गंगेच्या पलीकडच्या काठाजवळ वाळूत रुतलेली एक छोटी नाव. नावाडी मदत आणायला गेलेला, नावेत दोघीच.)

आजी : हात लांब कर. अजून. कोपर वाकवायचं नाही. आता मूठ बंद कर आणि एक डोळा मीट.

अवनी : मिटला.

आजी : हं. शुक्र आणि गुरू मुठीआड जातात का बघ.

अवनी : दोन्ही गेले! चंद्र पण गेला अर्धा.

आजी : म्हणजे तिघं मिळून एका मुठीत. आता तिथून उजवीकडे तिरपं वर जायचं, जिना चढल्यासारखं. दीड मूठ झाली की थांब. काय आहे?

अवनी : लाल वाला. म्हणजे तांबूस. मंगळ?

आजी : मंगळ. आणखी तेवढंच वर?

अवनी : पिवळट आहे एक. शनी! आजी, लोक शनिवारी तेल घालतात तो हा? एवढुसा?

आजी : एवढुसा. आणि तेलाचा त्याला पत्ताही नाही.

अवनी : झाले सगळे बघून. आता बेचनकाका येईपर्यंत वाळूवर उतरू या का? तिथून आणखी मस्त दिसेल.

आजी : का? वाळूवरून आकाश जवळ येतं?

अवनी : नाव हलते ना सारखी.

आजी : रुतलेली नाव हलत नसते, बाळ. हलती तर आपण एव्हाना घरी असतो, आणि बेचनला बांबू आणायला साडूच्या खरबुजाच्या वाडीपर्यंत चालत जावं लागलं नसतं.

अवनी : तू टीचरसारखं नको ना बोलू.

आजी : मग कोणासारखं बोलू? जन्मभर मुलींना भूगोल शिकवला. बेचनच्या बहिणीलाही शिकवला. म्हणून तर तो मला अजून बहनजी म्हणतो, आणि तू सांगितलंस की अंधारात नाव काढतो.

अवनी : मी नाही, तूच म्हणालीस छतावरून काही दिसत नाही.

आजी : नाहीच दिसत. वर माकडांसाठी जाळी, आणि समोर ते नवं गेस्ट हाउस. अख्खी पूर्व दिशा झाकून टाकली त्यांनी. पण मी म्हटलं होतं घाटावर बसू. नावेचं तू काढलंस.

अवनी : घाटावर ते मोठे लाईट आहेत. लाईटमध्ये तारे बुडतात. हे कोणी शिकवलं मला?

आजी : शिकवलेलं असं अंगावर येतं. बरं, कोरीकडे बघ. उजेड कुठल्या अंगाला आहे?

अवनी : खाली. डावीकडे.

आजी : मग सूर्य कुठे असेल?

अवनी : खाली, डावीकडे. अजून वर यायचाय. म्हणजे कोर त्याच्याकडे तोंड करून बसलीय?

आजी : नेहमीच. आणि चंद्राचा उरलेला काळा भाग, तो दिसतो का?

अवनी : दिसतो! धुरकट दिसतो. असं कसं? तिथे तर ऊन नाहीये.

आजी : ते आपल्याकडचं ऊन आहे. पृथ्वीवर पडलं, तिथून उडून चंद्रावर गेलं, आणि आता परत तुझ्या डोळ्यात आलं.

अवनी : दोनदा प्रवास केला त्यानं.

आजी : तीनदा. आधी सूर्यापासून इथे आलं होतं, ते विसरलीस.

अवनी : आजी, सच सांग. एक पाय ठेवला तर काय होईल?

आजी : कुठे?

अवनी : तिथे. वाळूवर.

आजी : तुला काय होणार? थंडीत तू इथे उंटावर बसून गेलीस. माझं वेगळं आहे. मी क्षेत्रसंन्यास घेतलाय. मरेपर्यंत काशी सोडायची नाही.

अवनी : पण काशी समोरच तर आहे. रामघाट दिसतोय, आपल्या गलीचा दिवा पण दिसतोय!

आजी : दिसतंय म्हणजे आपण तिथे आहोत असं होत नाही. काशी त्या काठावर. हा काठ बाहेरचा. लोक तर म्हणतात, इथे मेलेला माणूस पुढच्या जन्मी गाढव होतो.

अवनी : मग बेचनकाकाचे साडू? ते इथेच झोपतात रोज.

आजी : त्यांना मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, बहनजी, उधर गदहों की कोई कमी है क्या?

अवनी : हाहा! आणि आत्ता आपण? पाण्यात की बाहेर?

आजी : वेणीमाधव गुरुजी म्हणतात, गंगा काशीची. नावेत आहात तोवर तिच्या मांडीवर आहात. पाय वाळूला लागला की बाहेर.

अवनी : बाहेर गेलं की व्रत मोडलं?

आजी : मोडलं.

अवनी : पूर्ण, की थोडंसं?

आजी : व्रत म्हणजे काय कप आहे, नुसता कान तुटायला?

अवनी : आणि एकदा मोडलं की परत जुळत नाही ना? पक्का?

आजी : अवनी.

अवनी : काय?

आजी : बेचनला काय सांगितलंस तू?

अवनी : कुछ नहीं. काही नाही.

आजी : मी म्हटलं होतं, मधोमध थांब. मी तुला आकाश दाखवत होते आणि हा आपला वल्हवतोच आहे. चैत्रात या बाजूला घोटाभर पाणी असतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक. बेचनची नाव चुकून रुतत नाही.

अवनी : मी फक्त म्हटलं, आजीला उस पार घेऊन चला. म्हटलं, तिला वाळूवर बसून बघायचंय.

आजी : अस्सं. आणि मग?

अवनी : मग तू उतरली असतीस. अंधारात तुला कळलंच नसतं पाणी कुठे संपलं. व्रत आपोआप मोडलं असतं. तुला पाप पण लागलं नसतं, कारण ते मी केलं असतं. मग तू मोकळी. मग दुपारी तू आमच्याबरोबर गाडीत बसली असतीस. पण हे काका तुला एवढे घाबरले, काठ यायच्या आधीच नाव घुसवली वाळूत. गुस्सा आला?

आजी : नाही. एवढं डोकं गणितात का चालत नाही, त्याचा विचार करतेय.

अवनी : आजी, मी खरं बोलतेय! आज आम्ही जाणार. उद्यापासून त्या घरात तू एकटी. कालिंदीबाई येऊन झोपणार म्हणे तुझ्याजवळ. त्या किती घोरतात!

आजी : घोरू दे. घरात कुणाचा तरी आवाज असेल.

अवनी : जिन्यात पाय घसरला तर?

आजी : तर पडेन.

अवनी : असं नको ना बोलू.

आजी : बरं, नाही पडणार. जिना तोंडपाठ आहे मला. नववधू म्हणून आले तेव्हापासून चढतेय.

अवनी : मला एक सांग. तू व्रत कधी घेतलंस?

आजी : आजोबा गेले, त्याच्या आदल्या वर्षी. त्यांची फार इच्छा होती, देह इथेच ठेवायचा. मणिकर्णिकेवर जायचं ते दुसरीकडून आणलेलं प्रेत म्हणून नाही, इथूनच जायचं, म्हणायचे. मग गुरुजींना बोलावलं. दोघं पाटावर बसलो.

अवनी : आणि तू संकल्प बोललीस?

आजी : संकल्प यजमान बोलतो. पळीनं पाणी तोच सोडतो. बायकोनं त्याच्या हाताला हात लावून बसायचं. सगळ्या पूजेत असंच असतं, पाहिलंयस की तू.

अवनी : म्हणजे तू काही बोललीच नाहीस?

आजी : नाही.

अवनी : नुसता हात लावलास?

आजी : नुसता हात लावला. त्यांचा हात तेव्हा फार थरथरायचा. मी धरला नसता तर पाणी ताम्हनाबाहेर गेलं असतं.

अवनी : मग तुझं व्रत नाहीच आहे! तू प्रॉमिस केलंच नाहीस! आजोबांनी केलं. आणि त्यांनी पाळलं पण. संपलं की!

आजी : हळू. पाण्यावरून आवाज फार लांब जातो.

अवनी : जाऊ दे! आपण गुरुजींना विचारू या. परत गेलो की लगेच.

आजी : विचारायची गरज नाही.

अवनी : का?

आजी : तेच मला म्हणाले होते. आजोबांचं वर्षश्राद्ध झालं तेव्हा. म्हणाले, वहिनी, तुम्हाला मुलाकडे कुठे जावं लागलं तर मनाला लावून घेऊ नका. एक छोटं प्रायश्चित्त सांगतो, सकाळच्या सकाळी उरकेल.

अवनी : म्हणजे तुला पता होतं? तू येऊ शकतेस?

आजी : तो शुक्र बघ, किती खाली वाटत होता मघाशी. आता…

अवनी : शुक्र नको! आजी, तुला यायचं नाहीये का? मला खरं सांग. तू म्हणतेस ना, येत नसेल तर येत नाही म्हणावं, थापा मारू नयेत.

आजी : यायचं आहे.

अवनी : मग?

आजी : तुझ्या खिशात काहीतरी वाजतंय.

अवनी : आईचा फोन. अरे यार. तू बोल.

आजी : मला त्यातलं ऐकू येत नाही नीट. स्पीकरवर टाक.

मुक्ता : अवनी! कुठे आहेस तू? आई पण खोलीत नाहीत! सामानवाले गलीच्या तोंडाशी येऊन उभे आहेत, आणि इथे दोघींचा पत्ता नाही. गच्चीवर बघितलं, खाली बघितलं…

अवनी : आई, आम्ही ग्रह बघतोय.

मुक्ता : कुठून? घाटावरून?

अवनी : उस पार से. नाव अटकली आहे.

मुक्ता : उस पार? पलीकडे गेलात? आई पण आहेत तुझ्याबरोबर? त्या… अवनी, आई उतरल्या का वाळूवर?

अवनी : नाही. नावेतच बसलीय.

मुक्ता : एक पायसुद्धा नाही ना ठेवला?

अवनी : नाही.

मुक्ता : बरं झालं. देवा. बरं झालं.

आजी : मुक्ता, मी बोलतेय. काळजी करू नकोस. बेचन गेलाय मदत आणायला. येतोच आम्ही.

मुक्ता : अहो आई, मी फक्त… म्हणजे तुमचं एवढं सांभाळलेलं व्रत, आमच्या निघायच्या दिवशीच काही व्हायला नको, म्हणून म्हटलं.

आजी : समजलं मला.

मुक्ता : आई, हे रात्रभर झोपले नाहीत. खिडकीशी उभे होते. मी म्हटलं, काय झालं, तर म्हणाले काही नाही. आई, मला सारखं वाटतं…

आजी : काही वाटून घ्यायचं नाही. तुझी आई तिकडे पुण्यात दार उघडून रस्त्यावर जाते, तिला घर ओळखू येत नाही. तुला जायलाच हवं. विश्वजीतनं बदली मागितली ते बरोबर केलं, मीच म्हटलं होतं त्याला.

मुक्ता : तुम्हाला एकटं टाकून जायचं म्हणजे…

आजी : कुठे टाकतेयस? माझं व्रत आहे. तुम्ही म्हणालात तरी मला येता येणार आहे का?

मुक्ता : नाही. हो ना. व्रत आहे तुमचं.

आजी : मग झालं तर. सामानवाल्यांना चहा दे. आणि ती लोणच्याची बरणी कपड्यांत ठेवू नकोस, सांडेल.

मुक्ता : हो आई. लवकर या. सांभाळून या.

आजी : ठेवला तिनं?

अवनी : हं.

आजी : अंधार गेला बघ. शनी आता शोधावा लागेल. तुला दिसतोय?

अवनी : आई ‘बरं झालं’ म्हणाली. दोनदा म्हणाली.

आजी : ऐकलं मी.

अवनी : तिला तू यायला नको आहेस.

आजी : असं नाही ते. इकडे ये, माझ्याजवळ बस. हळू, नाव एका बाजूला नको. मला सांग, पुण्याच्या घरात खोल्या किती?

अवनी : दोन. एक आईबाबांची. दुसरीत मी आणि पद्माआजी. पद्माआजीच्या पलंगाला कठडा लावलाय, रात्री उठून जाते म्हणून. बाबांनी फोटो दाखवला.

आजी : आणि माझी खाट कुठे लावायची?

अवनी : मी खाली झोपेन. तू माझ्या जागेवर झोप.

आजी : आणि पद्माआजी रात्री उठल्या तर तुझ्यावरूनच जातील. तुझी आई दिवसभर एका म्हातारीला सांभाळणार. उद्या मी आजारी पडले तर दुसरीला. बँकेतून बाबा संध्याकाळी येणार, ते कुणाकडे आधी बघतील?

अवनी : मोठं घर घ्यायचं मग.

आजी : मोठं घर मिळालं असतं तर घेतलं असतं. तुझ्या बाबानं बघितली नाहीत असं वाटतं तुला? परवा मला सांगत होता, आई, तिकडे सगळं फार महाग आहे. पुढे काही बोलला नाही. मीही बोलले नाही.

अवनी : त्यानं तुला एकदा पण विचारलं नाही? ये म्हणून?

आजी : नाही.

अवनी : का नाही विचारलं?

आजी : कारण मी हो म्हणाले असते तर त्याला ‘जागा नाही’ म्हणावं लागलं असतं. स्वतःच्या आईला. ते त्याच्या तोंडून निघालं नसतं, आणि निघालं असतं तर पुन्हा तो कधी नीट जेवला नसता. लहानपणापासून तसाच आहे. त्यापेक्षा आईचं व्रत आहे म्हटलं की सगळ्यांना सोपं जातं. तो लोकांना सांगतो, आई काशी सोडत नाही. लोक म्हणतात, वा, केवढं भाग्य.

अवनी : आणि बाबाला पता आहे? गुरुजी तुला काय म्हणाले ते?

आजी : ते मी कुणाला सांगितलं नाही. आज तुला कळलं.

अवनी : मी नाही सांगणार.

आजी : तू सांगणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तुला सांगून टाकायला नको होतं, तेवढंच वाटतं. अकरा वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर कशाला हे ओझं.

अवनी : मला बारावं लागलंय.

आजी : हो, ते राहिलंच.

अवनी : आजी, पुण्याहून पण हे असंच दिसेल? शुक्र, गुरू, सगळे?

आजी : असंच. फक्त तिकडे सूर्य उशिरा उगवतो, म्हणून हे सगळं उशिरा दिसेल. इथे माझा चहा होईल तेव्हा तुझ्याकडे अजून काळोख असेल. चंद्र मात्र रोज सरकतो, उद्या तो इथे नसेल. त्याची वाट बघायची नाही.

अवनी : तिथे कोण मूठ धरायला शिकवणार?

आजी : मूठ तुझीच आहे. शिकून झालीय.

अवनी : बेचनकाका आले! बघ, हात हलवतायत. त्यांच्याबरोबर आणखी एक आहे, बांबू घेऊन.

आजी : काय म्हणतोय तो? मला नाही ऐकू येत.

अवनी : म्हणतायत, नाव भारी आहे. एक जन उतर जाए, तर हलकी होईल. ते पुढून बांबू लावतील, मागून थोडा धक्का दिला की निघेल.

आजी : बरोबर आहे. वजन कमी व्हायला हवं.

अवनी : आजी?

आजी : त्यात जड मी आहे. मी उतरले तर एका झटक्यात सुटेल. पाणी तरी केवढं, घोटा बुडणार नाही. त्या बेचनला कुठे कळतंय व्रत काय आणि काय.

अवनी : आजी, खाली बस.

आजी : नुसती बघतेय ग. वाळू किती मऊ दिसते उजेडात. मघाशी काहीच दिसत नव्हतं. एवढी वर्षं समोर बघतेय, पण पायाला कशी लागते ते विसरून गेले.

अवनी : बस ना. नाव डुलतेय. आई वाट बघतेय.

आजी : हं. बसते.

अवनी : मी उतरते. माझ्या चपला धर.

आजी : पाय घासत चाल, उचलून टाकू नकोस. काचा असतात इथे. फ्रॉक वर खोच. थंड आहे का?

अवनी : नाही. छान आहे. वाळू खालून सरकते, गुदगुल्या होतात. बेचनकाका, आम्ही रेडी!

आजी : दोन्ही हात सपाट ठेव. जोर खांद्यानं लावायचा, पोटानं नाही.

अवनी : हलली! आजी, हलली बघ! तू काही धरलंयस ना?

आजी : धरलंय.

अवनी : अजून एक धक्का देते. घट्ट बस. आणि आजी, तुझा पाय बाहेर आलाय. आत घे ना तो. वाळूला लागेल.